चौथ्या पंख्याची जागा

आमचं घर रावेरकडचं, केळीवालं. केळीच्या बागेत वाढलेल्या माणसाला गवताबद्दल एकच प्रश्न पडतो, ते उपटायचं कधी. पुढे मी चाळीसगावच्या कॉलेजात तीसेक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, गवताच्या जाती मुलांकडून पाठ करून घेतल्या, पण मनातला तो प्रश्न काही गेला नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर एका संस्थेनं मला धुळे जिल्ह्यातल्या माळावर गवत मोजायला बोलावलं, तेव्हा बायको इतकी हसली की तिला ठसका लागला.

काम असं होतं. साक्रीच्या पुढे एका डोंगराच्या लांबलचक सपाट माथ्यावर पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या. गावात त्यांना पंखे म्हणत, आणि दोन दिवसांत मीही तेच म्हणू लागलो. पंखे उभे करण्याआधी तिथली झाडंझुडपं, गवत, पाखरं, जनावरं यांच्यावर काय परिणाम होईल हे कोणीतरी बघून लिहायचं असतं. संस्थेला झाडं आणि पाखरं दोन्ही ओळखणारा, हाताशी वेळ असलेला आणि कुरकुर न करणारा माणूस हवा होता. यातल्या पहिल्या दोन गोष्टी माझ्यात होत्या.

दिवाळी नुकतीच झाली होती. मी साक्रीत खोली घेतली. सकाळच्या एसटीनं पायथ्याच्या गावात उतरायचं, तासभर चढायचं, दिवसभर मोजायचं आणि पाचच्या शेवटच्या एसटीनं परत यायचं, असा क्रम ठरला. वाट दाखवायला गावानं एक वयस्कर शेतकरी दिले. सगळे त्यांना नाना म्हणत. नाना फार कमी बोलत, आणि मी फार बोलतो, त्यामुळे आमचं छान जमलं.

माथ्यावर गवताची कापणी चालू होती. नऊ बायका विळे घेऊन ओळीनं कापत पुढे सरकायच्या, आणि त्यांची म्होरकी होती नानांची बायको. तिला सगळ्या अक्का म्हणत. माळ गावाचा, पण गवत कापायचा रिवाज या नऊ घरांचा. चैत्र-वैशाखात खाली रानात काडी उरत नाही, तेव्हा याच गवतावर त्यांची गुरं जगतात. अक्काच्या दावणीला दोन बैल आणि एक म्हैस होती, आणि तिच्या बोलण्यात माणसांपेक्षा त्या म्हशीचा उल्लेख जास्त यायचा.

माझी मोजणी म्हणजे बायकांना करमणूक झाली. पाइपाची एक मीटरची चौकट गवतावर ठेवायची, आत जे येईल ते ओळखायचं, मोजायचं, वहीत मांडायचं. पवन्या किती, मारवेल किती, कुसळी किती. मग दहा पावलं जायचं आणि पुन्हा तेच. एकीनं मला विचारलं, एवढं शिकून हेच करतात का. मी हो म्हणालो. तिनं माझ्याकडे खरोखरच्या दयेनं बघितलं.

तिसऱ्या दिवशी मला गाठी दिसल्या. माथ्याच्या मध्यावर तीन-चार एकरांचा एक तुकडा बायकांनी कापलाच नव्हता. गवत छातीइतकं उभं होतं, आणि त्याच्या कडेकडेनं, चार-पाच पावलांवर एक, अशा गवताच्या गाठी मारलेल्या होत्या. मूठभर काड्या एकत्र धरून शेंड्याशी वेणीसारख्या पिळलेल्या. मी वाकून एका गाठीला हात लावणार, तेवढ्यात मागून अक्काचा आवाज आला.

"हात नका लावू, भाऊ. देवनं शे ते."

"नवसाच्या गाठी का?" मी विचारलं. उत्तर मीच पुरवलं, हे मला फार नंतर लक्षात आलं.

"हां, नवसन्या," अक्का म्हणाली. "आत नही जातस कोनी."

झालं. मी चपला काढल्या. त्यानंतर अकरा दिवस, त्या बाजूनं जायची वेळ आली की मी चपला हातात घेऊन अनवाणी जायचो. कुसळीचं बी तुम्ही पायात घेतलं नसेल तर सांगून कळणार नाही. ते टोचतं, मग फिरतं, मग आणखी आत जातं. संध्याकाळी खोलीवर बसून मी चिमट्यानं कुसळं काढायचो आणि आपण लोकांच्या श्रद्धेचा कसा मान राखतो याचं मला समाधान वाटायचं. बायका लांबून बघायच्या. त्यांच्या खांद्यांची हालचाल मला दिसायची, पण त्या कापत असतील असं मी धरून चाललो.

आणि अक्काचा पाहुणचार तर विचारू नका. दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा न चुकता यायचा. साडेतीन वाजले की ती तीन दगडांवर चहा टाकायची, चार वाजले की माझी पिशवी स्वतः उचलून हातात द्यायची. "चला भाऊ, एसटी चुकी जाई तुम्हनी." एकदा मी म्हणालो, आज जरा थांबतो, ऊन उतरल्यावर पाखरं चांगली दिसतात. तर तिनं नानांना माझ्या मागे लावून दिलं, आणि नाना मला थेट एसटीच्या दारापर्यंत सोडून आले. मी घरी फोन करून बायकोला सांगितलं, की इतकी काळजी करणारी माणसं मी पाहिली नाहीत. ती म्हणाली, काहीतरी असेल. मला राग आला.

पंधरवड्यानंतर मी संस्थेला पहिलं टिपण पाठवलं. गवत उत्तम, जाती अमुक. पाखरांत चंडोल, लावे, तितर, कापशी. भोवत्या, म्हणजे घारीसारखा शिकारी पक्षी, अधूनमधून एखादा. सशाच्या लेंड्या, कोल्ह्याची एक जोडी. विशेष महत्त्वाचं काही आढळलं नाही. नकाशावर चौथ्या पंख्याची जागा बरोबर त्या न कापलेल्या गवतात पडत होती, म्हणून मी एक सूचनाही जोडली, की ती नवसाची जागा असल्यानं गावाला विचारून, नारळ फोडून काम सुरू करावं. संस्थेतल्या बाईंना ही सूचना इतकी आवडली की त्यांनी फोन करून कौतुक केलं. मी हरखलो. शाळकरी मुलानं नव्या वहीचं पहिलं पान लिहावं तसं ते टिपण मी नीट लिहिलं होतं.

मग तुळशीची लग्नं लागली आणि माणसांची सुरू झाली. एके दिवशी त्या नऊही जणी शेजारच्या गावी एका लग्नाला गेल्या. माथ्यावर मी एकटाच. नानांनी मला सकाळी वर सोडलं आणि तेही लग्नाच्या जेवणाला गेले. दुपारी मी बरोबर आणलेला डबा खाल्ला, हिवराच्या सावलीत जरा आडवा झालो, आणि चार वाजता पिशवी हातात देणारं कोणी नसल्यामुळे चक्क झोपून गेलो.

जाग आली तेव्हा ऊन तांबूस झालं होतं आणि एसटी गेलेली होती. मी स्वतःला चार शिव्या दिल्या, पिशवी उचलली आणि उतरायला लागणार तोच डोक्यावरून काहीतरी सरकलं. भोवत्या. राखाडी पांढरा नर, पंख वर धरून, गवताला जवळजवळ चिकटून. त्याच्या मागे एक तपकिरी मादी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. मग डावीकडून दोन. मग मी मोजायचं सोडून दिलं, कारण ते चहूबाजूंनी येत होते. खालच्या ज्वारीवरून, हरभऱ्यावरून, पलीकडच्या दरीतून. कोणी ओरडत नव्हतं. ते त्या उभ्या गवतावर घिरट्या घालायचे, एकेक जण पाय खाली सोडून गवतात उतरायचा, पुन्हा उठायचा, जागा बदलायचा. गाठींच्या आत. सगळे गाठींच्या आत.

हे पक्षी थंडीत लांब उत्तरेकडून येतात आणि झाडावर झोपत नाहीत, उंच गवतात जमिनीवर झोपतात, दरवर्षी त्याच जागी. हे मी वर्गात शिकवलेलं होतं. डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटली. चौथा पंखा याच जागेवर उभा राहणार होता, पाती यांच्या येण्याच्या वाटेवरच फिरणार होती, आणि इथं विशेष काही नाही असं माझ्या सहीनं जाऊन पोहोचलं होतं. नारळासकट.

मला शोधत नाना वर आले. ते माझ्या शेजारी उभे राहिले, गवताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"देखं तर तुम्ही," ते म्हणाले. "आते अक्कालेच इचारा." त्या रात्री मी त्यांच्याच घरी जेवलो आणि झोपलो.

सकाळी अक्का लग्नाहून परतली. नानांनी तिला सांगितलेलं असणार, कारण ती चहाचा कप घेऊन थेट माझ्यासमोर आली. मी रात्रभर चांगलं भाषण तयार केलं होतं. पायांतली कुसळं, माझी वर्षं, शास्त्र, सगळं त्यात होतं. तिनं मला सुरूच करू दिलं नाही.

"मी तुम्हनासंगे खोटं बोलनू," ती म्हणाली. "आते तुम्ही लिखशात."

"लिहावं लागेल, अक्का. माझं कामच ते आहे."

मग तिनं जे सांगितलं ते असं. तिच्या माहेरीही असाच गवताचा डोंगर होता. तिच्या तरुणपणी तिथं एक माणूस फोटो काढायला आला. भला माणूस होता, तिच्या आईच्या हातची भाकरी खाऊन गेला. त्यानं काय लिहिलं ते कोणाला कळलं नाही, पण पुढच्या वर्षी डोंगराभोवती कुंपणाची तार पडली. गवत बंद, गुरं बंद. दोन उन्हाळ्यांत तिच्या भावाचा गोठा रिकामा झाला. "पाखरं चांगली म्हनीसन डोंगर बंद व्हयना," अक्का म्हणाली. तिला त्या पाखरांचा राग नव्हता. ती उंदीर आणि टोळ खातात, खालची ज्वारी वाचते, म्हणून तर सासरी आल्यापासून ती दरवर्षी गाठी मारत होती. गाठ दिसली की कोणाचाही विळा तिथं थांबतो. गाठींना देव चिकटवला तो फक्त माझ्यासाठी.

मी तिला विचारलं, पंखे कुठं येणार आहेत असं तिला वाटतं. ती म्हणाली, टोकाकडच्या खडकाळ भागात. ग्रामसभेत पहिल्यांदा जो नकाशा लावला होता त्यात तसंच होतं. नंतर तो बदलला, हे वरच्या माणसांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि ज्यांचं गवत जाणार त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही. सांगायचं ते माझं काम आहे असं मला वाटलंच नव्हतं.

आम्ही तिघं वर चढलो. मी फोनवर नकाशा उघडला आणि त्यातला निळा ठिपका सरकवत चालत राहिलो. गाठी ओलांडून आत गेलो, चपलांसकट, आणि थांबलो.

"इथं," मी म्हणालो. "चौथा इथं."

"आठे?" अक्कानं विचारलं. मी पंख्याचा पाया किती, क्रेन उभी करायला सपाट जागा किती, ट्रक वर यायचा रस्ता कुठून, हे चालून दाखवलं. तुकडा बहुतेक संपलाच. अक्का बराच वेळ पायाखाली बघत होती.

"म्हंजे नही लिखं तरी जाई," ती म्हणाली.

"जाईल."

"आनि लिखं तर?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. तिनं मला अकरा दिवस अनवाणी चालवलं होतं, एक दिवस माझा होता. पण मी खरं ते सांगितलं. मी म्हणालो, लिहिलं तर पंखा सरकायची बरीच शक्यता आहे. तार पडू नये म्हणून मी माझ्या परीनं लिहीन, पण शब्द देता येत नाही, तो माझ्या हातात नाही. आणि आणखी एक अडचण सांगितली. मी एकट्यानं एका संध्याकाळी पाहिलेलं कोणी मानणार नाही. ही पाखरं दरवर्षी इथंच उतरतात, हे इतकी वर्षं बघणाऱ्या माणसानं सांगायला हवं, आणि अहवालात माहिती देणाऱ्याचं नाव लागतं.

नाना लगेच पुढे आले. "मन्हं नाव लिखा. मी म्हातारा मानूस, माले काय व्हस?"

अक्कानं मान हलवली. तिनं मागं वळून बघितलं. बाकीच्या आठ जणी कापायला वर आल्या होत्या आणि लांब उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. ती त्यांच्याकडे गेली, काहीतरी बोलली. आठही माना आडव्या हलताना मला दिसल्या. एक जण तर पाठ फिरवून कापायलाच लागली. अक्का परत आली.

"मन्हं एकलीनं नाव लिखा," ती म्हणाली. "तार पडनी तर गाव माले बोली. त्यासले नको."

मी वही उघडली आणि तिचं पूर्ण नाव लिहिलं. तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, की नोंद म्हणजे जबाबदारी, आणि ते वाक्य मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

खोलीवर जाऊन मी संस्थेतल्या बाईंना फोन केला, आणि आधीचं टिपण चुकलं आहे, ते फाडा असं सांगितलं. त्यांनी नारळाचं विचारलं. मी म्हणालो, नारळही फाडा. दहा दिवसांनी त्यांची तीन माणसं दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन आली. तीन संध्याकाळी अक्कानं त्यांना गवताच्या कडेला, वाऱ्याच्या उलट बाजूला बसवलं, आणि एकानं फोनवर बोलायला सुरुवात केली तेव्हा त्याच्या हातातून फोन काढून स्वतःच्या कमरेला खोचला. मला त्या माणसाकडे बघून फार बरं वाटलं.

अहवाल मी नव्यानं लिहिला. पाखरांबद्दल सहा पानं झाली. त्यात एक वाक्य मी मुद्दाम ठळक अक्षरांत घातलं, की या बायका इतकी वर्षं जशा कापतात तशाच कापत राहिल्या तरच ही जागा टिकेल. कापणी बंद केली तर झुडपं वाढतील आणि पाखरं जातील. ही काही चलाखी नव्हती. चौकट टाकून टाकून मला जे दिसलं होतं तेच होतं. फक्त आधी मी ते गवत कोण कापतं हे विचारात घेतलं नव्हतं. मग घरी परतून मी वाट बघत बसलो. बायको म्हणाली, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे घरात फिरू नका.

निकाल फाल्गुनात लागला. चौथा पंखा टोकाच्या खडकावर सरकला, पाचवा रद्द झाला. गवताची कापणी पूर्वीप्रमाणे चालू ठेवावी, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. तार नाही. मी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पहाटेच्या गाडीनं निघालो.

अक्काच्या अंगणात बिबडे चालले होते. ज्वारीचं शिजवलेलं पीठ पातेल्यातून वाफाळत होतं, नऊ जणी गोल बसून ओल्या कापडावर थापत होत्या, आणि खाटांवर जुन्या धोतरांवर गोल गोल बिबडे वाळत पडले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. अक्काचे हात थांबले.

"तार?"

"नाही."

"लिखेल शे?"

"लिहिलेलं आहे."

"वाचा," ती म्हणाली. मी वाचलं. ती म्हणाली, पुन्हा वाचा. दुसऱ्यांदा मी शेवटपर्यंत वाचलं, माहिती देणाऱ्याच्या नावासकट, आणि तिचं पूर्ण नाव त्या अंगणात मोठ्यानं ऐकू आलं तेव्हा नाना ओट्यावर बसल्या बसल्या दुसरीकडे बघू लागले. अक्कानं पदरानं तोंड पुसलं. तोंडाला पीठ लागलं.

आणि मग त्या दिवशी पाठ फिरवून कापायला लागलेली बाई, हातातला बिबडा थापता थापता, खाली बघतच म्हणाली, "मन्हं नाव कसं काय नही त्यामा?"

"मन्हंबी नही," दुसरी म्हणाली. तिसरीनं तर माझ्याकडेच रोखून बघितलं, जणू काही मीच तिला विसरलो होतो. मला हसू आवरेना. मला वाटलं, आता अक्का यांना सुनावणार. तिचा तो हक्कच होता. त्या सकाळी आठ माना आडव्या हलल्या होत्या त्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या होत्या, आणि तिनंही.

अक्कानं पातेल्यातलं पीठ हातावर घेतलं.

"गाठी बठ्ठास्नी बांध्यात," ती मला म्हणाली. "बठ्ठास्ना नाव लिखा."

सगळ्यांची नावं. मी खाटेच्या कडेवर बसलो आणि वही काढली. आठही जणींनी आपापलं नाव नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश सांगितलं, आणि बरोबर लिहिलं का ते मला वाचून दाखवायला लावलं. अहवाल तेव्हा मंजूर होऊन बसलेला होता, त्यात काही घालता येत नाही असं संस्थेतल्या बाई फोनवर सांगत राहिल्या. मी कुरकुर केली, चांगली आठवडाभर केली. शेवटी त्यांनी एक पुरवणी जोडली. एकच पान आहे, आणि त्यावर नऊ नावं आहेत.